दुसऱ्यांदा रन दिल्यावर

कमीत कमी बाइटमध्ये ठरलेली आकृती काढायची स्पर्धा बाहेरून फार सोपी वाटते. ज्याचा आकडा लहान तो पहिला, मग परीक्षकाला काम ते काय? प्रत्यक्षात निम्मे वाद त्या आकड्यावरच होतात. कमोडोर ६४ या जुन्या घरगुती संगणकाच्या पीआरजी (प्रोग्राम) फाइलमध्ये पहिले २ बाइट लोड पत्त्याचे, म्हणजे प्रोग्राम मेमरीत कुठे ठेवायचा ते सांगणारे. त्यानंतर ‘१० सिस २०६१’ (२०६१ या पत्त्यावरचा कोड चालव) ही बेसिकची ओळ १२ बाइट खाते: पुढच्या ओळीचा पत्ता २, ओळ क्रमांक २, सिसचं टोकन (आज्ञेचा संक्षेप) १, चार अंकांचे ४, ओळ संपल्याचं शून्य १ आणि प्रोग्राम संपल्याची दोन शून्यं. बेसिकची ओळ २०४९ या पत्त्यापासून सुरू होते, त्यात १२ मिळवले की २०६१, म्हणून तो आकडा. स्पेक्ट्रम या दुसऱ्या जुन्या संगणकाच्या टॅप फाइलमध्ये एका कोड ब्लॉकपायी २५ बाइट नुसते वेष्टनाचे जातात. म्हणून आम्ही परीक्षक फक्त मशीन कोड (प्रोसेसरला थेट कळणाऱ्या सूचना) मोजतो आणि प्रत्येक मशीनची यादी वेगळी ठेवतो. कमोडोरकडचा ६५०२ जातीचा प्रोसेसर आणि स्पेक्ट्रमचा झेड८० यांचे बाइट एकाच रांगेत लावू नयेत, या मतावर मी ठाम आहे. दोन्हीकडचे रॉम (मशीनमध्ये कायमचा भरलेला कोड) वेगवेगळ्या गोष्टी फुकट देतात, त्यामुळे त्या तुलनेला अर्थ उरत नाही.

एका खेपेची आकृती १७ ओळी, १७ स्तंभांची होती. कमोडोरच्या यादीत पहिली प्रवेशिका दुसरीपेक्षा बरोबर २ बाइटनी लहान होती. असा फरक दिसला की आधी सुरुवातीच्या सूचना उघडून बघायच्या. एक्स या प्रोसेसरमधल्या रजिस्टरमध्ये (एका बाइटच्या जागेत) शून्य भरणारी ‘एलडीएक्स #०’ ही सूचना २ बाइटची असते आणि इथे तीच गाळलेली होती. एक्स रजिस्टर शून्यच असणार, असं धरून कोड थेट लूपमध्ये शिरत होता.

तपासणी खऱ्या मशीनवर होते. पोर्टमधलं कार्ट्रिज काढायचं, कारण फास्टलोडर (लोड जलद करणारी) आणि फ्रीझर (प्रोग्राम मध्येच गोठवणारी) कार्ट्रिजं मेमरीत स्वतःची ढवळाढवळ करतात. मशीन बंद करून अर्धा मिनिट थांबायचं, म्हणजे रॅममधलं जुनं काही उरत नाही. मग लोड, मग रन. आकृती अचूक आली. फोटो नीट यावा म्हणून पडदा पुसून पुन्हा रन दिलं, तर ओळींमागून ओळी वर सरकायला लागल्या. सगळं थांबलं तेव्हा वरच्या चार-पाच ओळींत भलतीच अक्षरं होती आणि त्यांच्याखाली आकृतीच्या सतराच्या सतरा ओळी अगदी बरोबर.

बिघाड असा अर्धाच बरोबर दिसला की कारण शोधणं सोपं जातं. शेवटच्या १७ ओळी बरोबर, म्हणजे लूप शेवटी शून्यापासून सोळापर्यंत नीट गेला होता. त्याआधी तो कुठून तरी दुसरीकडून आला होता. ‘प्रिंट पीक(७८१)’ देऊन ७८१ या पत्त्यावर काय आहे ते विचारलं, उत्तर १७.

कमोडोरचं बेसिक सिस करताना चार रजिस्टरं मेमरीतून भरतं: ७८० मधून ए, ७८१ मधून एक्स, ७८२ मधून वाय आणि ७८३ मधून स्थितीदर्शक बिट. कोड आरटीएस या परतण्याच्या सूचनेने परतला की रजिस्टरांमधल्या किमती त्याच पत्त्यांवर परत लिहून ठेवतं. पहिल्या वेळी ७८१ मध्ये शून्य होतं, लूप १७ ला थांबला आणि परतताना १७ तिथे लिहिलं गेलं. दुसऱ्या रनला एक्स १७ पासून निघाला. आधी एकने वाढ आणि मग १७ शी तुलना असा क्रम असल्यामुळे तो २५५ पर्यंत जाऊन शून्यावर उलटला आणि पुन्हा १७ ला पोचला. एकूण २५६ ओळी, त्यातल्या पहिल्या २३९ कचरा. ‘पोक ७८१,०’ देऊन तिथे शून्य लिहिलं आणि रन केलं की आकृती पुन्हा स्वच्छ. स्पर्धकाला हे दिसलं नव्हतं, यात नवल नाही. इम्युलेटरवर (जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) फाइल ओढून टाकली की तो आधी मशीन रीसेट करतो, मग लोड आणि रन, त्यामुळे दुसरा रन कधी होतच नाही.

आता निकालाचं काय? दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धकाचं म्हणणं होतं की जो प्रोग्राम दुसऱ्यांदा चालत नाही तो प्रोग्रामच नव्हे. मुद्दा वजनदार होता, पण छापलेला नियम ‘नुकत्याच चालू केलेल्या मशीनवर’ असा होता. म्हणून प्रश्न एवढाच राहिला की नुकत्याच चालू केलेल्या मशीनवर ७८१ मध्ये शून्य असतंच, की योगायोगाने होतं? असतंच. चालू होताना कर्नल रॉम (मशीन चालू करणारा भाग) मेमरीच्या २५६ बाइटच्या पानांपैकी ०, २ आणि ३ मध्ये स्वतः शून्यं लिहितं आणि ७८१ पान ३ मध्ये येतं. सिस ६४७३८ ने रीसेट केलं तरी तेच होतं. स्टॉप आणि रिस्टोअर या कळा एकत्र दाबल्यावर मात्र होत नाही. रॉम जे दर वेळी करतं त्यावर विसंबायला आमच्याकडे मोकळीक आहे. स्पेक्ट्रमवर यूएसआर या सिससारख्या आज्ञेने कोडमध्ये शिरताना बीसी या रजिस्टरांच्या जोडीत त्या कोडचाच पत्ता असतो आणि तिथले लोक तो सर्रास वापरतात, ते आम्ही चालवून घेतोच. प्रवेशिका पहिलीच राहिली.

त्याच यादीतली दुसरी एक प्रवेशिका मात्र बाद झाली, आणि दोन्हींतला फरक समजायला हीच जोडी उत्तम आहे. ती १६३८४ या पत्त्याच्या आसपासची कोरी रॅम वाचून तिथल्या शून्य आणि २५५ च्या पट्ट्यांवर लूप मोजत होती. चालू होताना ६४ बाइट शून्य, ६४ बाइट २५५ असा नमुना कित्येक मशीनवर दिसतो, पण तो रॅमच्या चिपचा स्वभाव आहे. वेगळ्या कारखान्याची चिप असली की नमुना वेगळा. रॉम तिथली मेमरी तपासतं, पण तपासून झाल्यावर आधीचं मूल्य परत ठेवतं, म्हणजे साफसफाई होत नाही. चांगल्या इम्युलेटरमध्ये हा नमुना सेटिंगमध्ये बदलता येतो. स्पर्धकांनी तो एकदा बदलून बघितला तरी आमचं बरंच काम वाचेल.

रॉमचा हवाला देतानाही आवृत्ती बघावी लागते. ‘प्रिंट पीक(६५४०८)’ वर १७० आलं तर पहिली, ० आलं तर दुसरी, ३ आलं तर तिसरी. पडदा पुसताना दुसरी आवृत्ती रंगांच्या मेमरीत पार्श्वभूमीचा रंग भरते, तिसरी चालू अक्षरांचा. त्यामुळे १०२४ पासून थेट पडद्याच्या मेमरीत लिहिणारा कोड तिसरीवर झकास दिसतो आणि दुसरीवर निळ्यावर निळा, म्हणजे कोरा पडदा. ६५४९० वरच्या रॉमच्या रुटीनमधून अक्षरं छापणाऱ्यांना हा त्रास नाही, कारण ते रुटीन रंगही लिहितं. आम्ही तिसरी आवृत्ती प्रमाण धरतो आणि तसं नियमात लिहितो, नाहीतर प्रत्येक परीक्षकाच्या मशीनवर वेगळा निकाल लागेल.

पुढच्या खेपेसाठी एक कलम वाढवलं: एकदा लोड केल्यावर दोनदा रन, मध्ये हवं तर स्टॉप-रिस्टोअर, आणि दोन्ही वेळा तीच आकृती. हे कळवल्यावर पहिल्या क्रमांकाच्या स्पर्धकाने आपणहून नवी प्रत पाठवली. मला वाटलं होतं की गाळलेली एलडीएक्स परत येईल आणि बरोबरी होईल. त्याने शेवटचा १ बाइटचा आरटीएस काढून तिथे स्वतःवरच उडी मारणारी २ बाइटची बीईक्यू (तुलना जुळली तर उडी) ठेवली होती. तुलना जुळूनच लूप संपत असल्यामुळे ती उडी दर वेळी लागते, कोड बेसिककडे परततच नाही, आणि परतला नाही की ७८१ मध्ये काही लिहिलंही जात नाही. स्टॉप-रिस्टोअर दाबून पुन्हा रन दिलं तरी एक्स शून्यच. शिवाय आकृतीखाली बेसिकची ‘रेडी’ ही ओळ उमटत नाही, त्यामुळे फोटोही स्वच्छ येतो. आधीच्या प्रतीपेक्षा ही १ बाइटने मोठी होती, आणि दुसऱ्या क्रमांकापेक्षा तरीही १ ने लहान.