फाल्गुनातले दोन दिवस: वाई, मेणवली, भिलार आणि मागच्या सीटवर दोन मुलं

पंचांगातला वसंत चैत्रात सुरू होतो, पण काटेसावर आणि पांगारा पंचांग बघत नाहीत. फेब्रुवारीच्या शेवटी पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की खंबाटकीच्या आसपास निष्पर्ण झाडांवर लाल फुलं दिसायला लागतात. शाळेच्या परीक्षा अजून लांब, उन्हाळी सुट्टीची गर्दी सुरू व्हायची, स्ट्रॉबेरी भरात. पाच आणि अडीच वर्षांची मुलं घेऊन वाई-पाचगणीकडे जायला या तीन-चार आठवड्यांइतका चांगला काळ नाही. फक्त रंगपंचमी कधी आहे ते आधी बघून घ्या. त्या दिवशी वाईजवळच्या बावधनला भैरवनाथाचं बगाड असतं, म्हणजे नवस फेडणाऱ्याला उंच खांबाला टांगून नेणारा लाकडी गाडा. सोनेश्वरपासून बैलजोड्या बगाड ओढत गावात आणतात आणि ते बघायला प्रचंड गर्दी लोटते. बगाड बघण्यासारखंच आहे, पण कडेवर मूल घेऊन नव्हे; शिवाय त्या दिवशी वाईच्या आसपास गाडी मुंगीच्या पावलांनी चालते.

या सहलीत मोठ्यांचं वेळापत्रक चालत नाही. वेळा दोनच गोष्टी ठरवतात: मुलांचं पोट आणि दुपारची झोप. बाकी सगळं त्यात बसवायचं.

शनिवारी पहाटे साडेपाचला आम्ही निघालो, मुलं झोपेतच उचलून चाइल्ड सीटमध्ये. सीटचे पट्टे लावताना जाड स्वेटर काढायचा आणि वरून शाल घालायची. स्वेटरच्या जाडीमुळे पट्टा घट्ट वाटतो, पण खरा सैलच राहतो. खांद्याजवळ पट्टा चिमटीत धरून बघा. चुणी पडली तर अजून आवळायला हवा. पुण्याकडून जाताना आम्हाला खंबाटकीचा घाट चढावा लागला, येताना बोगदा लागला. चढणीवर एखादा ट्रक बंद पडला की शनिवारी सकाळी आठनंतर तास-दीड तास जागेवर जातो. सातच्या आत घाट पार करायचा तो यासाठी. वाटेत टोल एकच, खेड-शिवापूरचा. आनेवाडीचा नाका सुरूर फाट्याच्या पुढे आहे आणि वाईला सुरूरलाच वळायचं असतं.

वाईत आठच्या सुमारास नाश्ता. इथे एक मोह टाळा: गरम मिसळ समोर दिसते, पण दोन-अडीच तासांत पसरणीचा घाट चढायचा आहे. मुलांना इडली किंवा साधे पोहे, तेही पोटभर नव्हे. दूधही नको, घाटात सगळ्यात आधी तेच बाहेर येतं.

मेणवली वाईपासून तीन किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा आणि मागे कृष्णेचा घाट. मुलांना वाड्यापेक्षा घाटावरची घंटा आवडते. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधून आणलेल्या घंटांपैकी ही एक. जवळून पाहिलं तर तिच्यावर बाळाला घेतलेली मेरी दिसते. पाच वर्षांच्या मुलाला एवढंच सांगा, ‘घंटेवर एक आई आहे, शोध.’ दहा मिनिटं निवांत मिळतात. पायऱ्यांवर मात्र हात सोडू नका. पाण्याजवळच्या शेवटच्या दोन-तीन पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि ते वाळल्यासारखं दिसलं तरी खाली ओलंच असतं. 

परत वाईत ढोल्या गणपती. 1762 साली रास्त्यांनी बांधलेलं हे देऊळ नदीच्या अगदी काठावर उभं आहे, म्हणून त्याची मागची भिंत माशासारखी निमुळती केली आहे. पुराचं पाणी आलं की भिंतीवर आदळण्याऐवजी दोन्ही बाजूंना फाकतं. बहुतेक लोक दर्शन घेऊन पुढूनच परततात. मुलांना मागे नेऊन ती भिंत दाखवा आणि बाटलीतलं थोडं पाणी तिच्या टोकावर ओतून ते कसं दुभागतं ते करून दाखवा. या दिवसांत कृष्णाबाईचा उत्सव चालू असेल तर एखाद्या घाटावर मांडव दिसतो. वाईच्या सात घाटांवर तो आळीपाळीने होतो.

आता पसरणी. वाई ते पाचगणी साधारण बारा किलोमीटर, अर्धा तास. पण वाई सातशे मीटरच्या आसपास आणि पाचगणी तेराशेच्या जवळ, म्हणजे अर्ध्या तासात जवळजवळ सहाशे मीटर चढायचे, तेही वळणावळणाने. गाडी लागण्याचं कारण पोटात नसतं, कानात असतं. आतला कान सांगतो की आपण हलतोय, आणि समोरच्या सीटच्या पाठीवर किंवा मोबाइलवर खिळलेले डोळे सांगतात की आपण स्थिर आहोत. या भांडणातून मळमळ येते. दोन वर्षांखालच्या बाळांना हा त्रास सहसा होत नाही, दोन ते बारा हा खरा वयोगट. म्हणून घाटात मोबाइल आणि चित्रांचं पुस्तक पूर्ण बंद. मोठ्या मुलाची सीट अशी उंच ठेवा की त्याला समोरची काच दिसेल, आणि ‘पुढचं वळण डावीकडे की उजवीकडे’ हा खेळ सुरू करा. काच चार बोटं खाली. ड्रायव्हरने वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात ब्रेक नाही. ओकाऱ्या बऱ्याचदा गाडी कशी हाकली त्यावर असतात. मूल अचानक गप्प झालं, ओठ पांढरे पडले, तोंडाला पाणी सुटलं की तुमच्याकडे मिनिटभर आहे. झिपच्या पिशवीत वर्तमानपत्राचा बोळा घालून ती दाराच्या कप्प्यात ठेवा, डिकीत नव्हे. कपड्यांचा एक जोडही हाताशीच. आलेपाकाची वडी मोठ्याला चालते. धाकट्याला कुठलीही कडक गोळी चालत्या गाडीत नको, घशात अडकते. औषध द्यायचं असेल तर डोस आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा.

उलटी झालीच तर लगेच ग्लासभर पाणी पाजू नका, तेही परत येतं. दहा मिनिटं थांबून चमच्याचमच्याने ओआरएस. मोठं पाकीट एक लिटर पाण्याचं असतं. अर्ध्या लिटरला अर्धं पाकीट असा अंदाज करू नका, एक लिटर करून उरलेलं चोवीस तासांनी टाकून द्या. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

पाचगणीत पोचल्यावर जेवण आणि झोप, बाकी काही नाही. दुपारच्या उन्हात पॉइंट दाखवायचा हट्ट मोठ्यांचा असतो, रडणं मुलांच्या वाट्याला येतं. महाबळेश्वर आम्ही सरळ वगळलं. पुढचे एकोणीस किलोमीटर जाऊन-येऊन अख्खी संध्याकाळ खातात.

चार वाजता भिलार. 2017 च्या मे महिन्यापासून हे ‘पुस्तकांचं गाव’ आहे. घराघरांत विषयवार पुस्तकं मांडलेली, हवं ते घ्या, ओसरीवर बसा, वाचा, परत ठेवा. बालसाहित्याचं घर विचारून तिकडेच जा. लोक राहत्या घरात वाचायला जागा देतात, तेव्हा चिकट हात आधी धुवायचे आणि खाऊ बाहेर. तासाभराच्या वर मुलांना बसवू नका. बाहेर सावरीखाली पडलेली फुलं वेचू द्या. पाच जाड मांसल पाकळ्या, हाताला मेणासारख्या, मध्ये केसरांचा झुबका. फूल उलटं ठेवलं की भिंगरीसारखं फिरतं. खोडाला मात्र हात लावू देऊ नका, काटेसावर हे नाव उगाच पडलेलं नाही.

रविवारी सकाळी सातला टेबललँड. जांभ्याचं उघडं पठार, सावली शून्य. नऊनंतर दगड तापतात आणि घोड्यांच्या टापांची धूळ डोळ्यांत जाते. कडेला बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, म्हणून दोन मुलांमागे दोन मोठे, आणि फोटो नंतर. पहाटे थंडी असते, तासात ऊन चढतं. कपडे एकावर एक घाला. घोड्याचा भाव चढण्याआधी ठरवा आणि तो फेरीचा की वेळेचा, तेही विचारा.

नऊ वाजता स्ट्रॉबेरीचं शेत. सकाळीच, कारण फळ गार असतं आणि गार तोडलेलं फळ टिकतं. शेतकऱ्याला पहिला प्रश्न एकच: शेवटची फवारणी कधी झाली? मुलं तोडली की लगेच तोंडात घालतात, तेव्हा पाण्याची बाटली आणि वाडगं बरोबर हवं. चालायचं सरीतून, गादीवाफ्यावर पाय नाही. वाफ्यावर अंथरलेला प्लास्टिकचा मल्चिंग पेपर फाटला की तण उगवतं, आणि त्याखालच्या ठिबकच्या नळीत पाय अडकून मुलं तोंडावर पडतात. फळ ओढायचं नाही. फळाच्या सेंटिमीटरभर वर देठ नखाने खुडायचा, हिरवी टोपी फळावरच ठेवायची. टोक पांढरं असेल तर सोडून द्या. स्ट्रॉबेरी आंब्यासारखी आढीत पिकत नाही, तोडल्यावर रंग चढला तरी गोडी वाढत नाही. मधमाश्या फुलांवर असतात, हात झटकले नाहीत तर त्या लक्षही देत नाहीत. धाकट्याला फळ उभे चार तुकडे करून द्या. आंबट रस लागून तोंडाभोवती लाल होऊ शकतं. पाण्याने पुसलं की ते उतरतं. अंगावर गांधी उठल्या किंवा ओठ सुजले तर मात्र ती ॲलर्जी, डॉक्टर गाठा.

घरी न्यायची फळं धुवायची नाहीत. पसरट डब्यात कागदावर एकच थर, डबा डिकीत नव्हे तर पायाशी, एसीच्या झोतात. डिकीच्या उष्म्यात पुण्यापर्यंत खालचा थर मऊ पडतो आणि एका फळाची बुरशी शेजाऱ्याला लागते. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस. खाण्याच्या वेळी टोपीसकट धुवा, मग टोपी काढा. उलट केलं तर फळ पाणी पितं. जॅम करायचा तर किलोला सहाशे ग्रॅम साखर आणि दोन लिंबांचा रस. स्ट्रॉबेरीत जॅम घट्ट करणारं पेक्टिन कमी, लिंबाशिवाय ती धरत नाही.

परतीची वेळ सगळे चुकवतात. पाचगणीत पोटभर जेवून दोनला घाट उतरायचा, म्हणजे उलट्यांना आमंत्रण, आणि चारनंतर महामार्गावर परतणाऱ्यांची रांग. आम्ही अकराला घाट उतरलो, बाराला वाईत वरण-भात, एकला निघालो. सुरूर फाट्याच्या आत दोघं झोपली, बोगदा झोपेतच गेला, आणि खेड-शिवापूरला फास्टॅगची रांग अजून लागायची होती.