वेल्ह्याला मातीचं घर बांधायला जाणाऱ्यांसाठी: पैसे भरण्याआधी हे वाचा

फेब्रुवारीत वेल्हे (आता राजगड) तालुक्यातल्या एका शेतावर मातीचं घर बांधायला स्वयंसेवक म्हणून गेले होते. अंग अजून ठणकतंय, त्यामुळे थोडं तिखट लिहिलं जाईल.

जायचं कसं, तर पुण्यात स्वारगेटहून वेल्ह्याची एसटी. पुढच्या जीपला माझ्याकडून शंभर रुपये घेतले आणि शेजारी बसलेल्या मावशींनी चाळीस दिले. भाडं ठरवूनच आत बसा.

आता मुख्य गोष्ट. ‘साइटपर्यंत रस्ता आहे’ असं आयोजकांनी फोनवर सांगितलं होतं. रस्ता आहे तो खालच्या खाचरापर्यंत. घर वरच्या टेपाडावर, माती खाली बांधालगतच्या खड्ड्यात, पाणी त्याच्याही खाली ओढ्यात. मधे सुट्या मुरमाचा उभा चढ. पाय ठेवला की घसरतो आणि डोक्यावर भरलेलं घमेलं. ट्रॉली तिथे चढत नाही. आमचे बहुतेक दिवस या चढानेच खाल्ले.

हिशोब करून बघा. दहा फूट लांब, सात फूट उंच, दीड फूट जाड अशी एकच भिंत म्हणजे १०५ घनफूट. सुकल्यावरही तिचं वजन पाच टनांच्या आसपास भरतं. घमेल्यात वीस किलो धरले तरी अडीचशे खेपा, त्या एका भिंतीच्या, पाणी वेगळंच. गांधीजींचं ‘पाच मैलांच्या आत मिळणारं साहित्य’ हे म्हणणं वास्तुविशारद लॉरी बेकर आयुष्यभर सांगत राहिले. तिथल्या फळ्यावरही ते लिहिलेलं होतं. पण ज्याला डोक्यावरून माती न्यायची आहे, त्याला तो चढ पाच मैलांहून जड जातो. जागा चुकीची निवडली आहे, हे माझं स्पष्ट मत.

त्यावर दिवसाला नऊशे रुपये आपणच भरायचे. जेवण चांगलं होतं, पण झोपायला उघड्या पडवीत ताडपत्री. गावातल्या मजुराला त्याच कामाचा रोज मिळतो. शिकायला मिळत असेल तर नऊशे द्यायला माझी ना नाही. इथे शिकवणारे उशिरा यायचे आणि लवकर जायचे.

शिकवलं ते शेजारच्या वस्तीवरच्या आजींनी. खड्ड्यातली मूठभर माती त्यांनी पाण्याने भिजवली, तळहातांवर बोटाएवढी वळी केली आणि एका टोकाला धरून लोंबकळत ठेवली. वळी लगेच तुटली. “वरची हाय ही, पोरी. हातभर खाली खण.” खालच्या मातीची वळी तशीच लोंबकळत राहिली, म्हणजे तिच्यात चिकटपणा पुरेसा होता. त्यानंतर आम्ही बाटलीत माती, पाणी आणि चिमूटभर मीठ घालून हलवून ठेवलं. रेती काही मिनिटांत तळाला बसते, चिकणमाती सगळ्यात वर आणि सगळ्यात शेवटी. हा वरचा थर साधारण पाव हिस्सा असला की झालं. काळी माती मात्र घेऊ नका, ती पाण्याने फुगते आणि सुकताना तडकते.

दुसरं, दिवसाला फूट-दीड फुटापेक्षा जास्त भिंत चढवू नका, कोणी कितीही घाई केली तरी. आमच्याकडून फोटोसाठी जास्त चढवून घेतली. सकाळी पूर्वेच्या कोपऱ्याला पोट आलं होतं, ते फावड्याने तासून काढण्यात अर्धा दिवस गेला.

जोतंही तिथे जेमतेम फूटभर आहे. वेल्ह्याच्या पावसात ते चालायचं नाही. दगडी जोतं दोन फूट आणि छपराचं पाखं भिंतीच्या बाहेर अडीच-तीन फूट हवं, म्हणजे पागोळ्या भिंतीवर उडत नाहीत. मृगाआधी छप्पर चढणार नसेल, तर तुमची मेहनत जूनमध्ये वाहून जाईल. तारीख विचारा. उत्तर गोलमोल आलं तर जाऊ नका. दिवाळीनंतर ते मार्चअखेर हाच काळ. पुढे ओढा आटतो.

चढासाठी पकड असलेले बूट न्या. चिखल तुडवताना पाय उघडेच लागतात आणि रेतीने टाचा सोलवटतात. रात्री खोबरेल चोळा. चुन्याचं काम निघालं तर रबरी हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय हात लावू नका.

एवढं सांगूनही म्हणेन, एकदा जाच. शेवटी गावातल्या सात-आठ बायका आल्या, पेंढा टाकत ओळीने चिखल तुडवू लागल्या आणि दुपारपर्यंत भिंत खिडकीच्या तळाला भिडली. कामात असा आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. ओली भिंत हाताने थापटताना कोणालाच थांबवत नव्हतं.

ज्यांचे खांदे किंवा गुडघे दुखतात त्यांनी गिलाव्याच्या तुकडीत नाव द्यावं. पैसे तेवढेच, माल कमी लागतो आणि बरंचसं काम सावलीत होतं.