‘ऑन द रोड’ : सात आठवड्यांच्या वाचननोंदी

पहिला रविवार

आमच्या पाच जणांच्या वाचनमंडळात पुस्तक चिठ्ठ्या टाकून ठरतं. या वेळी भाच्याची चिठ्ठी निघाली : जॅक केरुॲकची ‘ऑन द रोड’. माझ्या कपाटात ही कादंबरी पंचवीस वर्षं पडून आहे. कॉलेजात असताना फुटपाथवरून चाळीस रुपयांना घेतली होती आणि दुसऱ्या भागाच्या मध्यावर सोडली. तिथे खोचलेलं बसचं तिकीट अजून तसंच सापडलं, शाई मात्र पार उडालेली. तेव्हा का सोडली ते आठवत नाही. म्हणून या वेळी नोंदी ठेवतोय, पुन्हा सोडलीच तर कारण तरी लिहिलेलं राहील.

मंडळी तीच : मी, भाचा (चोविशीतला, बुलेटवर स्पिती करून आलेला), आत्या (निवृत्त इतिहास शिक्षिका), तबला शिकणारा माझा मित्र आणि वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई. शेजारचे काका वाचत नाहीत, पण चहाला येऊन बसतात. एसटीत एकतीस वर्षं चालक होते. रस्त्यावरचं पुस्तक आहे म्हटल्यावर या वेळी खुर्ची जरा पुढे ओढून बसले.

चौथा दिवस

सुरुवात फजितीने होते हे मी साफ विसरलो होतो. १९४७चा जुलै. निवेदक साल पॅरडाइज, म्हणजे बव्हंशी केरुॲक स्वतःच, न्यू जर्सीतल्या पॅटरसनला महिनोन्महिने नकाशे उलगडून बसलेला असतो. रूट ६ची एकच लांबलचक लाल रेघ पूर्वेच्या टोकापासून थेट नेव्हाडापर्यंत गेलेली दिसते. ठरलं, हिच्यावरूनच जायचं. खिशात माजी सैनिकाच्या भत्त्यातून साठवलेले पन्नास डॉलर. लिफ्ट मागत मागत बेअर माउंटनला पोचतो तर धो धो पाऊस आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. सहा नंबरने कोणी जातच नाही, असं तिथे भेटलेला माणूस सांगतो. झक मारत गडी न्यूयॉर्कला परततो आणि जवळचे बहुतेक पैसे मोजून शिकागोच्या बसचं तिकीट काढतो.

भटक्यांची पोथी म्हणून जिची ख्याती, तिच्यातला पहिला मोठा टप्पा तिकीट काढून, खिडकीशी बसून! भाचा नाराज झाला. मला मात्र हा माणूस इथेच आवडला. आपली फजिती जो सुरुवातीच्याच पानांत सांगून टाकतो, त्याच्याबरोबर पुढे जायला हरकत नाही.

भिंतीवर अमेरिकेचा नकाशा लावलाय. लिफ्टला लाल टाचणी, बसला निळी, स्वतःच्या किंवा उसन्या मोटारीला पिवळी. पहिल्या भागात निळ्या टाचण्या वाटल्या होत्या त्यापेक्षा बऱ्याच जास्त लागल्या.

नववा दिवस

सालने अर्धी अमेरिका ॲपल पाय आणि आइस्क्रीमवर पार केली. डॉक्टरीणबाईंनी पेन्सिलीने समासात उद्गारचिन्ह काढलंय.

दुसरा रविवार

पहिलं भांडण. आत्याचं म्हणणं, ‘यात काही घडतच नाही रे. जातात, येतात, पितात, परत जातात.’ भाचा म्हणाला, तेच तर घडतंय. मित्र दोघांच्या मध्ये. त्याची तक्रार भाषेची, की वाक्यं संपतच नाहीत. मी सुचवलं, मोठ्याने वाच. त्याने डेन्व्हरच्या वाटेवरच्या त्या उघड्या ट्रकचं पान वाचलं, ज्याच्यावर रस्त्यात भेटेल त्याला चढवून घेतात. अर्ध्या पानानंतर त्याचा हात आपोआप मांडीवर ठेका धरायला लागला. मग थांबून म्हणाला, ‘हे समेवर येत नाही लवकर, पण येतं.’ ज्यांना ही कादंबरी कोरडी वाटते त्यांनी एक पान तरी कानाने वाचून बघावं. १९५९ साली स्टीव्ह ॲलनच्या टीव्ही कार्यक्रमात केरुॲकने पियानोच्या साथीवर वाचन केलं होतं. ते ऐकल्यावर माझी अर्धी कुरकुर थांबली.

पंधरावा दिवस

कॅलिफोर्नियातल्या सॅबिनलची कापूसवेचणी. लॉस एंजेलिसच्या बसमध्ये सालला टेरी भेटते. मेक्सिकन वंशाची, नवऱ्याला सोडून आलेली, पदरात लहान मुलगा. काही दिवस तिघं शेताकडेला तंबूत राहतात. शंभर पौंड कापसाला तीन डॉलर. साल गुडघ्यांवर बसून वेचतो, बोटांतून रक्त येतं, टेरी आणि ते पोर त्याच्या पुढे निघून जातात. दिवसाकाठी याची कमाई साधारण दीड डॉलर.

डॉक्टरीणबाई मूळच्या यवतमाळकडच्या. त्यांनी हिशेब केला : दीड डॉलर म्हणजे पन्नास पौंड, म्हणजे तेवीस किलोच्या आतबाहेर. आईला फोन करून विचारलं. आई म्हणाली, ‘दिसभर येचून तेवीस किलो? बोंडं मोजत होता काय?’

हसलो आम्ही, पण पूर्ण पुस्तकातली माझी सर्वांत लाडकी पानं हीच. इथे सालचा सुसाट मित्र डीन नाही, वेग नाही, कोणी आरडाओरडा करत नाही. थंडी पडते तसा साल निघतो. न्यूयॉर्कला भेटू, असं दोघं एकमेकांना म्हणतात आणि भेट होणार नाही हे दोघांनाही ठाऊक असतं. कादंबरी यायच्या आधी १९५५ साली हाच भाग ‘पॅरिस रिव्ह्यू’त स्वतंत्र छापून आला होता. आणि ही टेरी ज्या बाईवरून घेतली, तिला एका लेखकाने २०१० साली शोधून काढलं तेव्हा ती नव्वदीला टेकली होती. जगभर गाजलेल्या पुस्तकात आपण आहोत याचा तिला पत्ताच नव्हता. हे कळल्यापासून ती पानं परत चाळताना जरा चोरटं वाटतं.

तिसरा रविवार

रद्द. आत्याचा गुडघा.

बाविसावा दिवस

कादंबरीच्या जन्माविषयी जमेल तेवढं वाचलं. १९५१च्या एप्रिलमध्ये तीन आठवड्यांत टाइप केली, ही दंतकथा खरी आहे, पण अर्धी. कागद बदलायला थांबावं लागू नये म्हणून पातळ कागद एकमेकांना चिकटवून केलेली सुमारे १२० फुटांची गुंडाळी, त्यावर परिच्छेद न पाडता सलग मजकूर. टोकाचा तुकडा एका मित्राच्या कुत्र्याने खाल्ला. २००१ साली ही गुंडाळी लिलावात चोवीस लाख डॉलरांवर गेली. मात्र त्या तीन आठवड्यांमागे १९४८पासूनची टिपणं आणि फसलेले खर्डे होते, पुढे सहा वर्षं प्रकाशकांचे उंबरठे झिजवणं आणि फेरफार करणं होतं. बदनामीच्या खटल्याच्या भीतीने नावं बदलली. केरुॲकचा मित्र नील कॅसडी याचा डीन मोरिआर्टी झाला, लेखक विल्यम बरोझचा ओल्ड बुल ली, कवी ॲलन गिन्सबर्गचा कार्लो मार्क्स. हाच गिन्सबर्ग १९६२ साली मुंबईच्या बंदरात उतरला.

सर्वांत मजा वाटली ती परीक्षणांची. ५ सप्टेंबर १९५७ला पुस्तक आलं त्याच दिवशी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये गिल्बर्ट मिलस्टीनने ते डोक्यावर घेतलं. एरवी लिहिणारे परीक्षक त्या वेळी सुट्टीवर होते, नाहीतर काय झालं असतं कोण जाणे. तीनच दिवसांनी त्याच वर्तमानपत्राच्या रविवारच्या ग्रंथपुरवणीत दुसऱ्या परीक्षकाने बरंच पाणी ओतलं. कादंबरीकार ट्रूमन कपोटीने तर हे लेखन नव्हे, टायपिंग आहे, अशी वासलात लावली. म्हणजे एका वर्तमानपत्राचं चार दिवस एकमत टिकलं नाही, तिथे आमच्या पाच जणांचं काय घेऊन बसलात!

चौथा रविवार

तिसरा भाग, कॅडिलॅक. आज काकांचा दिवस.

प्रसंग सांगतो. शिकागोच्या कुणा धनिकाची कॅडिलॅक डेन्व्हरहून शिकागोला पोचवायची असते. डीन स्टिअरिंगवर, साल शेजारी, मागे पेट्रोलचा खर्च वाटून घेणारी दोन शाळकरी पोरं. सालने हिशेबच दिलाय : ११८० मैल, सतरा तास. गाडी खड्ड्यात गेली ते दोन तास, एका रँचवरचे तीन आणि पोलिसांकडचे दोन तास यात धरलेले नाहीत. सरासरी ताशी सत्तर मैल, आणि चालक एकच.

काकांनी किलोमीटरमध्ये करून मागितलं. जवळपास एकोणीसशे. काका काही वेळ गप्प. मग, ‘एकटा? स्टिअरिंग ड्युटी किती तास झाली त्याची? मध्ये झोपला कधी?’ नाही झोपला. ‘एक्स्प्रेसवे होता काय?’ नव्हता, त्यांच्याकडचा महामार्गांचा मोठा कायदा १९५६चा, ही गोष्ट १९४९ची. ‘ब्रेक तापले नसतील?’ पुस्तकात ते नाही. ‘आणि पोचल्यावर?’ चिखलाने लडबडलेली गाडी मालकाच्या गॅरेजला नेली तर मेकॅनिकने ती ओळखलीच नाही. कागदपत्रं हातावर ठेवून दोघं सटकले.

‘म्हणजे हा ड्रायव्हर नाही,’ काका म्हणाले. ‘गाडी लागली ह्याच्या हाताला, एवढंच.’

भाच्याचं तोंड उतरलं. त्याच्या लेखी हेच पुस्तकाचं शिखर. मी त्याची बाजू घेऊन सांगितलं की त्या पानांत साल मागच्या सीटवर जमिनीलगत पडून रस्त्याचा आवाज ऐकत घाबरलेला असतो, म्हणजे लेखकालाही काकांचं मत ठाऊक आहे. काका म्हणाले, ‘मग उतरला का नाही?’ याला उत्तर दिलं नाही. चहा आला.

एकतिसावा दिवस

नकाशावर डेन्व्हर, सॅन फ्रान्सिस्को आणि न्यूयॉर्कपाशी टाचण्यांना जागा उरलेली नाही. आणि इथे आत्याच्या पहिल्या आक्षेपाला उत्तर सापडलं असं वाटतंय. ‘जातात, येतात, परत जातात’ हे बरोबरच आहे. पण त्याच रस्त्यावरून दर खेपेला डीन थोडा जास्त फाटका होऊन जातो. पहिल्या भागात सगळे त्याच्यावर लट्टू. दुसऱ्यात पाहुणचाराला तोटे पडायला लागतात. तिसऱ्यात त्याच्या अंगठ्याला मळकं बँडेज आहे, कारण पहिल्या बायकोला, मेरीलूला, मारताना अंगठा मोडलाय आणि जखम चिघळलीय. सॅन फ्रान्सिस्कोत ओळखीच्या बायका त्याला समोर उभा करून सुनावतात : बायको घरात, एक मूल, दुसरं पोटात आणि तुला तुझ्या मजेपलीकडे काही दिसत नाही. डीन खुळ्यासारखा हसत उभा राहतो.

गेल्या साठ-सत्तर वर्षांत या कादंबरीवर जी टीका झाली, तिच्यातली निम्मी त्या खोलीत बोलून झालीय. जे वाचक शंभराव्या पानावर सोडतात, ते फक्त सुखाचा फेरा वाचून उठतात. विशीत मीही तसाच उठलो. माझं तिकीट या खोलीच्या पानाच्या बरंच अलीकडे होतं.

पाचवा रविवार

आज मात्र मला बचाव करता आला नाही. डेन्व्हरच्या कृष्णवर्णीय वस्तीतून संध्याकाळी एकटा चालताना सालला वाटतं, आपण गोरे नसतो तर बरं झालं असतं; खरा आनंद, खरं जगणं यांच्याकडे आहे. आत्याने तो उतारा सावकाश वाचला आणि पुस्तक पालथं ठेवलं. १९४९च्या अमेरिकेत त्या वस्तीतल्या माणसाला कुठल्या हॉटेलात बसता येत होतं, कुठे घर घेता येत होतं, हे तिने शाळेत शिकवावं तसं सांगितलं. कृष्णवर्णीय लेखक जेम्स बाल्डविनने १९६१ साली याच उताऱ्याचा समाचार घेतला होता : हार्लेम या न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय वस्तीतल्या अपोलो थिएटरच्या मंचावरून हे मोठ्याने वाचायचा वेडेपणा केरुॲकने केलाच, तर त्याच्या जागी आपण नसलेलं बरं.

मेक्सिकोतल्या कुंटणखान्याची पानं डॉक्टरीणबाईंनी पूर्ण वाचली आणि म्हणाल्या, त्या मुलींची वयं बघा. त्यावर कोणी काही बोललं नाही.

मित्राने शेवटी जॅझकडे वळवलं. जॅझ पियानोवादक जॉर्ज शिअरिंग वाजवून उठतो आणि डीन रिकाम्या पियानोकडे बोट दाखवून म्हणतो, देवाची रिकामी खुर्ची. मित्राच्या मते चांगल्या मैफलीनंतर तंबोऱ्यांना गवसणी घालताना असंच वाटतं. हे लिहिणारा आणि डेन्व्हरचा तो उतारा लिहिणारा माणूस एकच, ही माझी आजची अडचण.

त्रेचाळिसावा दिवस

संपली. पाचवा भाग जेमतेम चार-पाच पानांचा आहे. त्याआधी मेक्सिको सिटीत साल जुलाबाने, तापाने भ्रमिष्ट पडलेला असताना डीन त्याला तसाच टाकून निघून गेलाय. आता डीन अख्खी अमेरिका ओलांडून न्यूयॉर्कला येतो. साल मित्रांबरोबर ड्यूक एलिंग्टनच्या मैफलीला निघालेला, तोही कॅडिलॅकमधून. डीनला फक्त चाळिसाव्या रस्त्यापर्यंत सोडा म्हणायचं असतं. गाडी ज्याने ठरवली तो मित्र नाही म्हणतो. साल मागच्या सीटवर बसून हात हलवतो. कसर लागलेला ओव्हरकोट घालून डीन सेव्हन्थ ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावरून वळतो.

काकांच्या ‘मग उतरला का नाही?’ची आठवण झाली. इथेही उतरला नाही.

शेवटचा रविवार

कौल असा. आत्या : एकदा वाचावी, दुसऱ्यांदा कोणाला देऊ नये. भाचा : जीव टाकतो, पण ‘आता बायकांची पानं वेगळी दिसतात’ असं म्हणाला. मित्र : जॅझची पानं वेगळी काढून ठेवणार. डॉक्टरीणबाई : कपाशीचा भाग उत्तम, बाकीचं पुरुषांनी आपसात वाचावं. शिवाय त्यांचं मत असं, की हे ‘कोसला’सारखं आहे, विशीत वाचणारे आणि चाळिशीत वाचणारे वेगवेगळी पुस्तकं वाचतात. मला ही तुलना अर्धीच पटते. पांडुरंग सांगवीकर स्वतःची टर उडवतो, डीनला ते कधीच जमत नाही. सालला मात्र जमतं.

माझं : दुसरा भाग अजूनही लांबलाय, आणि डीनची भाषणं मी तीन ठिकाणी सरळ गाळली. तरी पुढची खेप करतोय. गुंडाळीवरचा मूळ मजकूर २००७ साली पुस्तकरूपात आला, खऱ्या नावांसह. तो मागवला. त्यातही परिच्छेद नाहीत, त्यामुळे थांबायचं कुठे हेच कळत नाही. काल रात्री बेचाळिसाव्या पानावर एका वाक्याच्या मधोमध ते जुनं तिकीट खोचलं आणि दिवा मालवला.