पहाटेचा एक तास

माझा भाचा श्टुटगार्टला नोकरीला आहे. मामा सायकल दुकानदाराचा मुलगा, म्हणून सायकलचं काहीही दिसलं की तो मला धाडतो. एरवी मी ते उघडतसुद्धा नाही. गेल्या आठवड्यात त्याने धाडलेलं मात्र जेवण झाल्यावर उघडलं, आणि आतून हिने तिसऱ्यांदा "आता झोपा की" म्हटलं तेव्हा पावणेबारा झाले होते.

इनडोअर सायकलिंगची जागतिक स्पर्धा. ऑगस्ट 2023, ग्लासगो. नावावरून मला आधी आमच्या विश्रामबागेतल्या जिममधली, जागच्या जागी फिरणारी सायकल आठवली. इथे दिसला तो बॅडमिंटनच्या हॉलसारखा चकचकीत हॉल, आणि त्यात लुकास कोल नावाचा जर्मन गडी. सायकल चालू असताना तो हँडलवर हात रोवून उलटा होतो, पाय छताकडे. मग सीटवर उभा राहतो आणि तिथून उडी मारून थेट हँडलवर उभा. या उडीला मौटे उडी म्हणतात. सायकल आपली गोल गोल चाललेली, घाण्याच्या बैलासारखी, तिला काही खबरच नाही. हा कोल 2016 साली श्टुटगार्टला पहिल्यांदा विश्वविजेता झाला आणि ग्लासगोतही तोच जिंकला.

माणसाकडे मी नंतर बघितलं, आधी सायकलकडे. सवयच तशी. ब्रेक नाही, मडगार्ड नाही, घंटी नाही, आणि मागच्या चाकाला फ्री नाही. पायडल उलटं मारलं की सायकल मागे चालते, थांबवलं की थांबते. आपल्या काळ्या सायकलीत पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचे सव्वादोन-अडीच फेरे. हिच्यात साधारण एकास एक. म्हणून ती इतकी सावकाश चालू शकते. ब्रेकची तार नसल्यामुळे हँडलही पूर्ण गोल फिरतं. तात्या, म्हणजे माझे वडील, असते तर त्यांनी ती उलटी करून हाताने चाक फिरवून बघितलं असतं आणि म्हणाले असते, "आऊट लई चांगला काढलाय." आऊट म्हणजे चाकाचा वाकडेपणा.

गुण द्यायची पद्धत मला फार आवडली. खेळाडू आपण काय काय करणार त्याची यादी आधीच लिहून देतो. एकट्याच्या स्पर्धेत जास्तीत जास्त 30 प्रकार, वेळ 5 मिनिटं. प्रत्येक प्रकाराला ठरलेले गुण असतात, त्यांची बेरीज आधीच फळ्यावर लागते. कोलसारख्याची बेरीज दोनशेच्या वर जाते. मग पंच फक्त कापत जातात. बारीक चुकीला 0.2, त्याहून मोठीला 0.5, मग 1, आणि सायकलवरून खाली आला की 2. म्हणजे कमवायचं काही नाही, सांगितलेलं टिकवायचं. पाच मिनिटांत उरकलं नाही तर राहिलेल्या प्रकारांचे गुण गेले.

त्याच स्पर्धेत दुसरा खेळ असतो, सायकलबॉल. हा मला खरं तर जास्त भावला, कारण यात थोडी गुंडगिरी आहे. 14 बाय 11 मीटरचं मैदान, एकेका बाजूला दोघं, सात-सात मिनिटांचे दोन डाव, आणि चेंडू मारायचा पुढच्या चाकाने. हँडलला असा हिसका देतात की चाक चेंडूला थोबाडीत मारल्यासारखं लागतं आणि अर्ध्या किलोचा चेंडू सुसाट जातो. हँडल वर वळलेलं, थेट खिलार बैलाची शिंगं. खरसुंडीच्या जत्रेत ही सायकल नेऊन बांधली तर कुणीतरी दात बघायला येईल. 1893 साली अमेरिकेत निकोलस काउफमान नावाच्या कसरतपटूच्या सायकलपुढे कुत्रं आलं, त्याने पुढच्या चाकाने ते अलगद बाजूला सारलं, आणि त्यातून हा खेळ सुचला असं सांगतात. पुढे चेकोस्लोव्हाकियाच्या ब्रनोतल्या पॉस्पिशिल भावांनी 1965 ते 1988 या काळात 20 वेळा जगज्जेतेपद मिळवलं. वीस वेळा! आपल्याला भावाभावांत बांध सुद्धा सरळ धरता येत नाही.

सायकलबॉलमध्ये एक नियम आहे. पाय जमिनीला टेकला की त्या खेळाडूला लगेच चेंडू खेळता येत नाही. आधी सायकलवर बसून स्वतःच्या गोलरेषेपलीकडे जाऊन यायचं, मग खेळायचं. तो वाचला आणि मला एकदम सातदिवशावाला आठवला, सात दिवस सायकलवरून पाय खाली न टेकवणारा.

आमचं दुकान सांगली जिल्ह्यात भिलवडीला होतं. नदीपलीकडे अंकलखोप, सर्कसवाल्या विष्णुपंत छत्र्यांचं गाव. कुरुंदवाडकरांकडे घोड्यांचं काम बघणाऱ्या या माणसाने मुंबईत एका इटालियनाची सर्कस बघितली आणि 1880 साली स्वतःची उभी केली, हिंदुस्थानातली पहिली. इकडे म्हैसाळच्या देवलांची सर्कस. त्यामुळे आमच्या भागात कसरतीचं कौतुक जुनंच.

मी सहावीत होतो, 1986. शाळेच्या ग्राउंडवर चार बांबू रोवून पताका लावल्या, कर्णा बांधला आणि एक माणूस सायकलवर बसला. सात दिवस सात रात्री खाली उतरणार नाही म्हणून. त्या वेळी गावोगाव असे लोक येत. आजच्या मुलांना सांगितलं तर त्यांना खोटं वाटतं. सायकलवरच तो भाकरी खायचा, दाढी करायचा, दोन्ही हात सोडून कळशीभर पाणी डोक्यावर ओतून घ्यायचा. संध्याकाळी दाताने पाण्याची बादली उचलायचा आणि छातीवर ट्यूबलाइट फोडायचा. लोक एक-दोन रुपयांच्या नोटा टाचणीने त्याच्या शर्टाला लावायचे. कर्ण्यावरून त्याचा जोडीदार ज्याने नोट लावली त्याचं नाव घ्यायचा, आणि दुसऱ्याचं नाव ऐकून तिसरा खिशात हात घालायचा.

चौथ्या दिवशी भर दुपारी त्याच्या मागच्या चाकाच्या तारा तुटल्या. रिम इतकी वाकडी झाली की टायर घासायला लागला. उतरायचं तर नाही. जोडीदार पळत दुकानात आला. तात्यांनी भाड्याच्या सायकलींतली नऊ नंबर काढली, ग्राउंडवर नेली आणि तिच्या सीटला धरून त्याच्या शेजारून पळायला लागले. पंचेचाळिशीचा माणूस, धोतर खोचलेलं. दोन फेऱ्या नुसत्या झाल्या. तिसऱ्या फेरीला त्याने एक पाय नऊ नंबरवर टाकला, दुसरा टाकला, आणि त्याची सायकल जाऊन बांबूवर आदळली. ग्राउंड नुसतं ओरडत होतं. माझ्या लेखी मौटे उडी ती.

दुकानाचा नियम सरळ होता. चालवा नाहीतर उभी करून ठेवा, भाडं घड्याळावर. तासाला आठ आणे. वहीत नंबर, नाव, नेल्याची वेळ, आणल्याची वेळ. कोण "मास्तरांनी बोलवलं म्हणून तासभर उभीच होती" म्हणाला तर तात्या वरसुद्धा बघायचे नाहीत. वहीत लिहिलं: नऊ नंबर, दुपारी 12.

चाक रात्री झालं. पहाटे तात्यांना माल आणायला मिरजेला जायचं होतं म्हणून त्यांनी मला साडेतीनलाच उठवलं. "ही दिऊन ये आन् नऊ नंबर घिऊन ये."

ग्राउंडवर एकच बल्ब चालू होता. जोडीदार घोंगडं पांघरून झोपलेला. नऊ नंबर बांबूला टेकवलेली, आणि सातदिवशावाला खाली बसला होता, दोन्ही पाय बादलीत. मला बघून तो उठला नाही. त्याचे पाय घोट्यापासून सुजून चकचकत होते. बोटं वेगळी दिसत नव्हती.

"तीन वाजल्यापासून बसलोय बघ," तो म्हणाला. "कुणाला सांगू नको बाळा."

मी मान हलवली. चार वाजता त्याने दुरुस्त झालेल्या सायकलवर टांग टाकली आणि मी नऊ नंबर घेऊन दुकानात येऊन सगळं सांगून टाकलं. मला वाटलं तात्या चिडतील. शंभर लोकांनी नोटा लावल्या होत्या, आमच्या घरचीही एक होती.

तात्या पिशवी भरत होते. म्हणाले, "पाणी कढत हुतं का कोमट?"

"हात नाही घातला."

"आईला सांग चूल पेटवाय. मीठ टाकून कढत पाणी दिऊन ये. उजाडायच्या आत."

किटली घेऊन मी परत गेलो. पुढच्या दोन पहाटेही गेलो, तीनच्या ठोक्याला.

सातव्या दिवशी गुलाल, फेटा, नारळ. सरपंचांचं भाषण झालं. तो उतरला तेव्हा दोघांनी धरला होता. संध्याकाळी लंगडत दुकानात हिशेबाला आला. तात्यांनी चाकाचे पैसे सांगितले आणि भाड्याचं पान पुढे केलं. भाडं साडेसात रुपये.

त्याने बोटं मोजली. "बारा ते चार सोळा तास झालं की मालक. आठ रुपये हुत्यात."

"पंधराच," तात्या म्हणाले. "पहाटं एक तास गाडी उभी हुती."

तो माझ्याकडे बघेल म्हणून मी पंपाच्या मागे सरकलो. त्याने काही न बोलता शर्टाच्या नोटा काढून मोजल्या आणि दिल्या. पुढे आठवडाभर आमच्या गल्ल्यात टाचणीची भोकं पडलेल्या नोटा निघत होत्या.