बोरघाट : चढण इंजिनाची, उतरण ब्रेकची

पावसाळ्यात कर्जतला उतरणारे बहुतेक जण वडापावकडे धावतात. मी गाडीच्या शेवटच्या डब्याकडे जातो, कारण तिथे बँकर, म्हणजे घाटात मागून रेटा देणारी जादा इंजिनं, लागतात. मागून इंजिनं हळूच येऊन टेकतात, कपलिंग खणकतं आणि तो धक्का डब्याडब्यातून पुढे सरकत जातो. प्लॅटफॉर्मवर उभं राहिलं तर तो कानांनी मोजता येतो.

पळसधरी सोडली की घाट सुरू होतो. कमाल चढ ३७ मीटरला १ मीटर. रस्त्यावर एवढा चढ कुणाच्या लक्षातही येणार नाही, पण रेल्वेला तो फार आहे. हजार टनांची गाडी सपाटीवर संथ चालत ठेवायला दोन-तीन टनांची ओढ पुरते, कारण पोलादी चाक पोलादी रुळावर जवळजवळ विनासायास फिरतं. या चढावर मात्र गुरुत्वाकर्षण एकटंच तिला २७ टनांनी मागे खेचतं. सव्वाशे टनांच्या आसपास वजनाच्या इंजिनाची चाकं कोरड्या रुळावर जेमतेम तीसेक टनांची पकड देतात. रूळ भिजले की ती निम्म्यावरही येते आणि चाकं जागच्या जागी फिरू लागतात. म्हणून इंजिनातून चाकांपुढे वाळू सोडतात आणि मागून बँकर रेटा देतात. सगळा जोर पुढूनच लावला तर पुढच्या डब्यांच्या कपलिंगवर असह्य ताण येईल, हेही कारण आहेच.

बोगद्यामागून बोगदे जातात. मध्ये क्षणभर दरी उघडते, धबधबा दिसतो, पुन्हा अंधार. हा मार्ग १८६३ साली सुरू झाला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल काम हाती घेताच १८५९ मध्ये वारले, तेव्हा त्यांची पत्नी अ‍ॅलिस यांनी ते कंत्राट पुढे चालवलं. सुरुंग आणि पहारींनी हा कातळ फोडणाऱ्या मजुरांची नावं मात्र कुठेच नाहीत. त्यांच्यासाठी खंडाळ्यात एक ठसठशीत स्मारक व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

लोणावळ्याला बँकर सुटतात आणि प्रवासी निश्चिंत होतात. माझ्या मते घाटाचा खरा कस लागतो तो परतीच्या वाटेवर. चढताना इंजिन कमी पडलं तर गाडी थांबेल, एवढंच. उतरताना थांबवणारं काही कमी पडलं तर गाडी थांबणारच नाही. लोणावळा कर्जतपेक्षा साडेपाचशे मीटरहून उंच आहे. हजार टन तिथे चढवायला किमान दीड हजार युनिट वीज लागते, आणि उतरताना तेवढी सगळी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. आजची इंजिनं मोटारींनाच जनित्र बनवून तिच्यातली काही तारेत परत पाठवतात. उरलेली ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. जुन्या बनावटीच्या डब्यात खिडकीशी बसलात तर त्या तापलेल्या ठोकळ्यांचा वास येतो.

मंकी हिल, ठाकूरवाडी. इथे कुणी चढत-उतरत नाही, तरी गाडी थांबते. उशीर झाला म्हणून प्रवासी कुरकुरतात, पण या थांब्याइतकी शहाणी व्यवस्था मी रेल्वेत दुसरी पाहिलेली नाही. पुढचे सांधे, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारी जोडणी, मुळात कॅच साइडिंगकडे लावलेले असतात. तो चढावर जाऊन संपणारा फाटा. गाडी पूर्ण थांबली, म्हणजे ब्रेक ताब्यात आहेत हे सिद्ध झालं, की मगच सांधे मुख्य मार्गाकडे वळतात. ब्रेक निकामी झालेली गाडी आपोआप त्या फाट्यावर चढते. हजार टनांचा वेग आवरायला तिथे पुन्हा गुरुत्वाकर्षणच उभं असतं, फक्त या वेळी आपल्या बाजूने.

मंकी हिलला थांबलेल्या गाडीतून तो फाटा जरूर पाहा. गवतात चढत गेलेले रूळ दिसतील. त्यांच्यावरून गाडी जाण्याची वेळ येऊ नये, म्हणूनच तुमची गाडी तिथे थांबलेली असते.