कितवा दिवस?

आजारपणाची रजा संपवून वर्गात येणाऱ्या प्रत्येकाला आमचे विज्ञानाचे सर एकच विचारत, "ताप किती दिवस होता?" "तीन-चार" म्हटलं की लगेच, "तीन की चार?" आम्हाला वाटायचं, सर खोटी रजा पकडतात.

पुस्तकात प्रतिपिंडांवर, म्हणजे जंतूंशी लढायला शरीर बनवतं त्या प्रथिनांवर, जेमतेम दीड ओळ होती. सरांनी तिच्यावर दोन तास घालवले. फळ्यावर इंग्रजी वाय काढला. जंतूला धरायला वरचे दोन हात. मग पाच वाय गोलात जोडले. हा आयजीएम, दहा हातांचा. नवीन जंतू आला की पहिला हाच, पण फार दिवस टिकत नाही. आयजीजी मागाहून येतो आणि मुक्काम ठोकतो. रक्तातल्या प्रतिपिंडांत सुमारे तीन चतुर्थांश तोच, आणि वारेतून आईकडून पोटातल्या बाळाकडे जाणाराही तोच.

आयजीए लाळेत, अश्रूंत, आतड्याच्या अस्तरावर आणि बाळंतिणीच्या पहिल्या चिकाच्या दुधात भरपूर. आमच्या शेजारी तेव्हा बाळंतपण झालं होतं आणि ते दूध पिळून टाकत होते. मी घरी येऊन ठणकावून सांगितलं. आजीने शांतपणे विचारलं, "तुझ्या सरांक भुरगीं कितलीं?" सरांचं तेव्हा लग्नही झालं नव्हतं. पण दुसऱ्या दिवसापासून दूध टाकणं थांबलं, एवढं मला माहीत आहे.

आयजीईची ओळख माझ्या बाकावरच्या मैत्रिणीने करून दिली. सुंगटांचं हुमण, म्हणजे कोळंबीची आमटी, खाल्लं की तिचे ओठ सुजायचे. हा प्रतिपिंड रक्तात अगदी नावापुरता असतो. ॲलर्जीत सूज आणणाऱ्या मास्ट पेशींना तो चिकटून बसतो. आतड्यातल्या जंतांशी झुंजणं हे त्याचं काम, पण कुणाकुणाच्या अंगात तो सुंगटालाच शत्रू समजतो. जपानी इशिझाका दांपत्याने तो 1966 मध्ये शोधला, म्हणजे सर शाळकरी असताना. आयजीडीपाशी येऊन सर थांबले. "हा प्रतिपिंड बनवणाऱ्या बी पेशींच्या पृष्ठभागावर असतो. नेमकं काय काय करतो, ते मलाही नीट कळलेलं नाही." मला सरांचं हेच वाक्य सगळ्यात जास्त आवडलं होतं.

आता मी प्रयोगशाळेत रक्तजल तपासते. पावसाळ्यात डेंग्यू, काजूच्या हंगामात गोव्याच्या सत्तरी तालुक्यातला माकडताप. तापाच्या दुसऱ्या दिवशी कुणी डेंग्यूची आयजीएम तपासणी करून घेतो, ती निगेटिव्ह येते आणि माणूस निर्धास्त घरी जातो. आयजीएम दिसायला साधारण चार-पाच दिवस लागतात. त्याआधी विषाणूचं एनएस-वन प्रथिन शोधायचं असतं. म्हणून नमुन्याच्या चिठ्ठीवर तापाचा दिवस लिहिलेला नसेल तर मी फोन करते. सहकारी हसतात.

गेल्या सप्टेंबरात सरांचाच फोन आला. चौथा दिवस, न विचारताच सांगितलं. रिपोर्ट हातात आला: एनएस-वन पॉझिटिव्ह, आयजीएम जेमतेम, आयजीजी मात्र भरमसाट. पहिल्यांदाच डेंग्यू झालेल्या माणसाच्या रक्तात चौथ्या दिवशी असं दिसत नाही. डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे. एकाविरुद्ध बनलेले जुने आयजीजी दुसऱ्या प्रकाराला पकडतात, पण निकामी करू शकत नाहीत. उलट त्याला पेशीत शिरायला वाट करून देतात. म्हणून दुसऱ्या खेपेचा डेंग्यू जास्त जपावा लागतो, ताप उतरल्यावर तर आणखीच. मी म्हटलं, "सर, आजच दवाखान्यात दाखल व्हा. आणि हा तुमचा पहिला डेंग्यू नाही."

"छे, मला कधी झालेला नाही."

"आम्ही दहावीत होतो, तुळशीच्या लग्नानंतर तुम्ही मुंबईहून आलात आणि पंधरा दिवस वर्गात नव्हतात. सांधे धरून बसला होतात."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "पंधरा नव्हे, बारा."