बिशप होण्याआधीचे मास्तर

नागपूरच्या आपल्या बिशप कॉटन शाळेच्या स्मरणिकेसाठी संपादकांनी विषय मोकळा ठेवला होता. फोनवर ‘शाळेच्या आठवणी लिहा’ एवढंच म्हणाले. मधल्या सुट्टीतली बोरं, पीटीच्या सरांची शिट्टी, सदर भागातून घरी जाताना केलेल्या टवाळक्या हे सगळं माझ्या वर्गमित्रांनी लिहिलं असेलच, आणि माझ्यापेक्षा बरं लिहिलं असेल. म्हणून मी ज्याचं नाव आपण सगळ्यांनी वर्षानुवर्षं खिशावर वागवलं त्या माणसाबद्दल लिहितो. जॉर्ज एडवर्ड लिंच कॉटन, कलकत्त्याचे सहावे बिशप. शाळेत असताना त्यांच्याबद्दल आम्हाला एकच गोष्ट पक्की ठाऊक होती, की ते नदीत बुडून वारले. पोरांच्या डोक्यात असलंच राहतं.

माझं या शाळेत येणं आजीला मुळीच पसंत नव्हतं. ‘पोराले पाद्र्याच्या शाळेत टाकलं, आता थो आपल्यालेच शिकवन!’ असं ती शेजारणीला सांगायची. बाबा रेल्वेत होते, त्यांचं म्हणणं एवढंच की पोराला साहेबासमोर उभं राहून चार वाक्यं इंग्रजीत बोलता आली पाहिजेत. आजी आणि बाबा दोघांचंही खरं ठरलं.

नववीत आमच्या इतिहासाच्या सरांनी मला बिशपसाहेबांवर भाषण करायला उभं केलं होतं. दहा-बारा ओळींचं पाठ केलेलं भाषण, त्यात तीन वेळा ‘थोर’. पण त्यांचं चरित्र खरं वाचलं ते निवृत्तीनंतर. बिशपसाहेबांच्या पत्नीने त्यांच्या रोजनिशीतून आणि पत्रांतून तयार केलेलं जाडजूड पुस्तक १८७१ मध्ये निघालं. ते वाचताना मनात आलं ते हे, की आपण ज्यांना बिशप म्हणून ओळखतो ते आयुष्यातली वीसेक वर्षं मास्तर होते, आणि बिशप झाल्यावरही त्यांची मास्तरकी सुटली नाही.

त्यांचा जन्म २९ ऑक्टोबर १८१३ चा, इंग्लंडातल्या चेस्टर गावचा. वडील लष्करात कॅप्टन. नेपोलियनविरुद्धच्या युद्धात निव्हेलच्या लढाईत ते मारले गेले, तेव्हा बाळ दोन आठवड्यांचंही नव्हतं. पुढे वेस्टमिन्स्टर शाळा, केंब्रिजचं ट्रिनिटी कॉलेज, आणि १८३७ मध्ये रग्बीच्या शाळेत मास्तरकी. तिथे हेडमास्तर होते टॉमस अरनॉल्ड. पोरांवर लक्ष पोरांकडूनच ठेवून घ्यायचं, वरच्या वर्गाला जबाबदारी द्यायची, हे अरनॉल्डसाहेबांचं तंत्र कॉटननी तिथे पंधरा वर्षं गिरवलं. रग्बीवरच्या ‘टॉम ब्राउन्स स्कूलडेज’ या गाजलेल्या कादंबरीत शेवटी एक समजूतदार तरुण मास्तर येतो, तो यांच्यावरूनच बेतलेला आहे.

१८५२ मध्ये ते मार्लबरोचे हेडमास्तर झाले. हा भाग मी दोनदा वाचला, कारण इथे खरी गंमत आहे. ही शाळा १८४३ ची, मुख्यतः पाद्र्यांच्या मुलांसाठी काढलेली, फी कमी, पोरं पाचशेच्या आसपास आणि मास्तर बेजार. १८५१ च्या नोव्हेंबरात पोरांनी चक्क बंड केलं होतं. फटाके उडवले, खिडक्या फोडल्या, काही दिवस शाळा मास्तरांच्या हातात राहिलीच नाही. जुने हेडमास्तर गेले. तिजोरी खाली, शिस्त त्याहून खाली, अशा शाळेत कॉटन आले. सुट्टीच्या वेळात पोरं आसपासच्या रानात भटकायची, चोरून शिकार करायची, शेतकऱ्यांशी भांडणं ओढवून आणायची.

कॉटननी काय केलं? पोरांच्या हातात बॅट आणि चेंडू दिला. १८५३ मध्ये त्यांनी पालकांना एक परिपत्रक धाडलं, त्यात शाळेत खेळ कसे व्हावेत, सगळ्यांनी कसे खेळावेत, याची मांडणी होती. पगार द्यायला पैसा नव्हता, म्हणून विद्यापीठातून नुकतेच बाहेर पडलेले तरुण त्यांनी थोड्या पगारावर बोलावले. ते मैदानावर पोरांबरोबर उतरायचे. आणि प्रीफेक्टांबद्दल, म्हणजे शिस्तीची जबाबदारी दिलेल्या वरच्या वर्गातल्या पोरांबद्दल, त्यांनी सगळ्या शाळेसमोर स्पष्ट सांगून टाकलं, की मी इथे आहे तोवर शाळेचा कारभार प्रीफेक्ट चालवतील. ते जमत नाही असं दिसलं तर मी राजीनामा देईन. हेडमास्तरने स्वतःची नोकरी सोळा-सतरा वर्षांच्या पोरांच्या भरवशावर टांगणं ही साधी गोष्ट नव्हे. आपल्याकडची हाउसं, कॅप्टन, शील्डसाठीची मारामारी, या सगळ्याचं मूळ शोधत गेलं तर आपण या खटाटोपापाशी पोचतो. (आमच्या वेळच्या प्रीफेक्टांनी हे वाचून फार फुगून जाऊ नये.)

१८५८ च्या जानेवारीत कलकत्त्याचे वृद्ध बिशप डॅनियल विल्सन वारले. सत्तावनचा वणवा अजून पुरता विझला नव्हता. लंडनला कलकत्त्यासाठी कुणी आक्रस्ताळा धर्मोपदेशक नको होता, थंड डोक्याचा माणूस हवा होता. निवड एका हेडमास्तरची झाली. त्या पदाची कीर्ती काही चांगली नव्हती. विल्सनच्या आधीचे मिडल्टन, हीबर, जेम्स आणि टर्नर हे चारही बिशप १८२२ ते १८३१ या दहा वर्षांत वारले होते. कॉटन नोव्हेंबरात कलकत्त्याला उतरले, तेव्हा राणीचा जाहीरनामा नुकताच वाचून झाला होता आणि कंपनी सरकार संपलं होतं.

त्यांचा धर्मप्रांत केवढा? पंजाबपासून ब्रह्मदेशापर्यंत. शिवाय मद्रास, मुंबई आणि कोलंबोच्या बिशपांवरची देखरेख वेगळी. आपलं नागपूरही त्यातच. भोसल्यांचं राज्य खालसा होऊन पाच वर्षंही झाली नव्हती. १८५७ च्या जूनमध्ये टाकळीच्या घोडदळाचा उठाव फसला होता आणि माणसं सीताबर्डीवर फासावर गेली होती. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, नागपूर राजधानी झालं. त्यापाठोपाठ १८६२ मध्ये आपली शाळा. रेल्वे नागपुरात १८६७ ला आली, म्हणजे शाळा रेल्वेहून जुनी. हे मी बाबांना एकदा सांगितलं होतं, त्यांना ते फारसं रुचलं नव्हतं.

आता जरा अडचणीचं बोलतो. ही शाळा माझ्यासाठी काढलेली नव्हती. माझ्यासाठी म्हणजे सदरच्या पलीकडे राहणाऱ्या, घरी मराठी बोलणाऱ्या पोरासाठी. २८ जुलै १८५९ हा दिवस सत्तावनातून ब्रिटिश सत्ता वाचली म्हणून आभाराच्या प्रार्थनेचा ठरवला होता. त्या दिवशी चर्चांत जमलेला पैसा कॉटननी शाळेच्या निधीकडे वळवला, आणि त्यातून सिमल्याची शाळा उभी राहिली. कल्पना अशी, की थंड हवेच्या ठिकाणी आणि मोठ्या शहरांत युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी चांगल्या शाळा हव्यात. गव्हर्नर जनरल कॅनिंगनी १८६० मध्ये त्यांना पाठिंबा देणारा शेरा लिहिला. त्यात काळजी ही, की अशा मुलांना शिक्षण मिळालं नाही तर गावोगाव ना धड इथली ना धड तिथली, दोन्हीकडचे दुर्गुण घेतलेली एक लोकवस्ती तयार होईल आणि ती सरकारला डोईजड होईल. म्हणजे पाया घातला तो भीतीने आणि वंशाच्या अभिमानाने. ज्या दिवसाचं आभारप्रदर्शन होतं, तो दिवस सीताबर्डीवर लटकलेल्यांच्या घरच्यांना कसा वाटला असेल याचा विचार कुणी केला नव्हता.

हे नववीतल्या भाषणात नव्हतं. असायला हवं होतं असं मला वाटतं, नववीच्या पोराला एवढं समजतं.

आणि तरीही याच माणसाने लिहिलेली एक प्रार्थना आहे. हे देवा, पृथ्वीवरच्या सगळ्या लोकांना तू एकाच रक्ताचं निर्माण केलंस, दूरच्यांना आणि जवळच्यांना शांतीचा निरोप द्यायला तू आपल्या पुत्राला पाठवलंस, अशी तिची सुरुवात. ती इतकी टिकली, की अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चच्या १९७९ च्या प्रार्थनापुस्तकातही ती आहे. एका हाताने ‘एकाच रक्ताचे’ असं लिहायचं आणि दुसऱ्या हाताने रक्त बघून शाळा काढायची! ढोंग म्हणून सोडून देता आलं असतं, पण त्यांची पत्रं वाचून मला तसं वाटत नाही. त्यांना ज्या मुलांची काळजी होती ती बहुतेक गरिबांची होती. सैनिकांची, कारकुनांची, रेल्वेच्या ड्रायव्हरांची. इंग्लंडला पाठवायची ऐपत नसलेल्या घरांतली. मार्लबरोत पाद्र्यांची गरीब पोरं होती, इथे ही. मास्तरच्या नजरेला समोरचं पोर दिसतं. समोर नसलेलं दिसत नाही. आम्ही समोर नव्हतो.

भारतात त्यांना आठ वर्षंही पुरी मिळाली नाहीत. १८६६ मध्ये ते आसामचा लांब दौरा करून परतत होते. ६ ऑक्टोबरला कुष्टियाला थांबले, आजच्या बांगलादेशात. तोवर कलकत्त्याहून तिथपर्यंत रेल्वे झाली होती आणि गाव वाढत होतं. तिथल्या नव्या दफनभूमीचं प्रतिष्ठापन त्यांच्या हस्ते झालं. त्या वेळच्या उपदेशात ते म्हणाले, की हा विधी मागे राहिलेल्यांच्या समाधानासाठी असतो. कुणाचा देह रानात किंवा रणांगणात पडून राहिला, त्याला मूठमाती मिळाली नाही, म्हणून त्याच्या आत्म्याचं काही बिघडत नाही. संध्याकाळी गोराई नदीच्या काठावरून बोटीकडे जाताना अंधारात फळीवरून त्यांचा पाय घसरला. पाण्याला ओढ होती. देह सापडला नाही.

नागपूरकराला इथे दुसरं नाव आठवल्याशिवाय राहत नाही. स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे. ते स्कॉटिश मिशनरी, वेगळ्या पंथाचे, पण काळ तोच. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना नाल्याच्या पुरात ते गेले. तीन वर्षांत दोघं पाण्यात. आमच्या वर्गातल्या काहींनी या दोन गोष्टींची इतकी सरमिसळ केली होती, की बिशपसाहेब टाकळघाटला बुडाले अशी कथा खालच्या वर्गांत बरीच वर्षं फिरत होती. हिस्लॉप मला जास्त जवळचे वाटतात हे इथेच सांगून टाकतो. त्यांनी गोंडांची गाणी आणि कथा लिहून घेतल्या, इथले दगड आणि जीवाश्म तपासले, या मातीत हात घातले. कॉटन इथे जाता-येता आले असतील तेवढेच. पण शाळेला नाव कॉटनचं, आणि मी त्या शाळेचा.

पुढे दारं उघडली, पण सावकाश. अँग्लिकन चर्चमध्ये, म्हणजे कॉटनच्याच पंथात, पहिले भारतीय बिशप, अझरय्या, १९१२ मध्ये कलकत्त्याच्याच कॅथेड्रलमध्ये अभिषिक्त झाले. नागपूरला स्वतंत्र धर्मप्रांत १९०३ मध्ये मिळाला होता. आणि २९ नोव्हेंबर १९७० ला, मी तेव्हा तिसरीत, सहा ख्रिस्ती मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली ती आपल्या नागपुरातच. सदरच्या रस्त्यांवर बंगाली, ओडिया, पंजाबी बोलणारी माणसं आम्ही त्या आठवड्यात पाहिली. त्यांच्यात पांढरे झगे घातलेले काळे-सावळे बिशप होते, आणि आजी खिडकीतून बघत म्हणाली होती, ‘हे तं आपल्यासारखेच दिसतात बाप्पा!’

हा लेख लिहिणार असं वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळल्यावर दोन तट पडले. एकाचं म्हणणं, दीडशे वर्षांपूर्वीच्या साहेबाचं कौतुक आता कशाला. दुसऱ्याचं, ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या चुका काढू नये. मी दोघांनाही लिहिलं, की ती प्रार्थना आणि कॅनिंगचा तो शेरा शेजारीशेजारी छापून ग्रंथालयात लावा, पोरांना दोन्ही वाचू द्या. त्यासाठी नववीच्या वर्गाला दरवर्षी एक निबंध स्पर्धा ठेवावी असा माझा प्रस्ताव आहे. विषय एकच: बिशपसाहेबांना एक पत्र, शाळेच्या आजच्या विद्यार्थ्याकडून. भाषा मराठी, हिंदी किंवा इंग्रजी, ज्याला जी सोयीची. बक्षिसाची रक्कम मी जूनमध्ये कार्यालयात जमा करतो. ‘थोर’ हा शब्द एकापेक्षा जास्त वेळा आला तर गुण कापावेत, एवढी एकच अट.